मातीपासून कंदिलापर्यंत

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बालवाडीच्या भिंतीवर ऋतूंचे नवे तक्ते लागले. छपाई सुंदर, रंग ठसठशीत. 'शरद' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या तक्त्यावर तांबडी-नारिंगी पानं गळत होती, झाडाखाली एक भलामोठा भोपळा होता आणि मफलर गुंडाळलेला एक मुलगा पानांच्या ढिगात उडी मारत होता. साडेचार वर्षांच्या एका मुलीने तक्त्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, हे झाड आजारी आहे का?" खिडकीबाहेर कडुनिंब हिरवागार उभा होता. कुंपणालगत गवत गुडघ्याच्या वर गेलेलं, त्यात कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, त्यांच्यावर चतुर घिरट्या घालत होते. ऊन तर असं, की डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं.

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. आश्विन-कार्तिकातला आपला शरद वेगळाच. मूग-उडीद घरात आलेले असतात, सोयाबीन-बाजरीची काढणी चालू असते आणि त्याच सुमारास वावरात रब्बीच्या ज्वारीची तिफण धरली जाते. चिखल वाळून त्याची माती होते. आभाळ धुऊन निघतं. इंग्रजी 'ऑटम'ला 'शरद' हा प्रतिशब्द कोशात चालतो, पण मुलाच्या हातात जी वस्तू द्यायची ती कोशातून आणता येत नाही. मॅपलचं पान छापील कागदावर रंगवून घेतलेलं मूल दारातला आपटा ओळखत नसेल, तर आपण त्याला ऋतू शिकवला असं मला म्हणवत नाही.

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं. घरात दोन ते आठ वर्षांचं मूल आहे, बाहेर शरद आहे, तर आई-बाबांनी, आजी-आजोबांनी त्याच्याबरोबर काय करावं, आणि तेही आपल्याच भोवती पडलेल्या, उगवलेल्या, वाळलेल्या वस्तूंतून, एवढाच आमचा विषय आहे. पण हा विषय दिसतो तेवढा लहान नाही. त्याच्यामागे घरांची फार जुनी रीत आहे आणि बालशिक्षणाची शंभर वर्षांची खटपट आहे. नव्या वाचकाला दोन्हींची ओळख असावी म्हणून हे चार शब्द.

घरांची रीत आधी. आमचं शहर या बाबतीत भाग्यवान आहे. अजिंठ्याचे डोंगर उतरले की खानदेश, पूर्वेला जालना आणि त्यापलीकडे विदर्भ, दक्षिणेला गोदावरी. चिकलठाणा आणि वाळूजला कारखाने आले तसे चहूकडून लोक आले, आणि येताना आपापला शरद घेऊन आले. म्हणून एकाच कॉलनीत एका घरी भुलाबाई बसते, दुसऱ्या घरी तिलाच गुलाबाई म्हणतात आणि तिसऱ्या घरी पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरतात. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो सप्टेंबरच्या २६-२७ तारखेच्या सुमारास. भोंडल्याचा, म्हणजेच हादग्याचा हत्ती तिथला. भुलाबाईचा काळ भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत. भुलोबा आणि भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीच, पण मातीचे, घरात पाहुणे आलेले, ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसलेले.

या खेळात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते खिरापत ओळखणं. झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचं. फुटाणे खडखडतात, लाह्या नुसत्या सळसळतात, वड्या धप्प धप्प आपटतात आणि शिरा मुळीच बोलत नाही. चार वर्षांचं मूल डब्याला कान लावून डोळे मिटून उभं राहतं, तेव्हा ते जितक्या एकाग्रतेने ऐकत असतं तितकं दुसऱ्या कुठल्या वेळी ऐकताना मी पाहिलेलं नाही. कानांना वळण लावणारी साधनं पुढे युरोपात शास्त्रशुद्ध रीतीने तयार झाली, आवाजाच्या डब्यांच्या जोड्या निघाल्या. आमच्या आज्यांकडे डबा होता आणि त्यात खाऊ होता.

सीमेपलीकडे तेलंगणात याच दिवसांत बतुकम्मा असते. तिथे फुलांचे थर रचून मनोरा करतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे नांदेडकडच्या घरांना ही फुलं परकी नाहीत. जपानमध्ये शरदाच्या पौर्णिमेला गवताचे तुरे मांडून चंद्र पाहतात, चीनमध्ये कंदील लावतात. पाऊस सरला, धान्य तयार झालं आणि चंद्र स्वच्छ दिसू लागला, की माणसं मुलांना घेऊन बाहेर येतात. आपण कोजागरीला दूध आटवतो.

आता घटाबद्दल थोडं सविस्तर, कारण या पुस्तकाचा जीव तिथे आहे. मराठवाड्यात घटस्थापनेला वावरातली काळी माती घरी येते. पत्रावळीवर किंवा परडीत ती पसरायची, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा, भोवती गहू, ज्वारी, मूग असं धान्य पेरायचं. घटातलं पाणी पाझरत राहतं आणि माती आपोआप ओली राहते. वर रोज एक माळ चढते: कारळ्याची फुलं, तरवडाची पिवळी फुलं, झेंडू. तिसऱ्या दिवशी मातीला भेगा पडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या भेगांतून टोकदार कोंब वर येतात आणि दसऱ्यापर्यंत वीतभर धान उभं राहतं. ते पिवळंधमक असतं, कारण देवघरात उजेड पुरेसा नसतो आणि उजेडाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही. आम्ही मुलांकडून दुसरी एक परडी पेरून घेतो आणि ती खिडकीत ठेवतो. बी तेच, माती तीच. खिडकीतलं धान हिरवं आणि बुटकं, देवघरातलं पिवळं आणि उंच. समजावून सांगायची घाई करू नका. दोन परड्या शेजारी ठेवा आणि मुलाला बोलू द्या. एका मुलाने मला सांगितलं होतं, "हे उजेड शोधायला उंच झालं." याहून नेमकं उत्तर मला पाठ्यपुस्तकात सापडलं नसतं.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस कोसळला आणि कित्येक शेतं खरवडून निघाली. घटस्थापना २२ तारखेला होती. आमच्या बालवाडीच्या मदतनीस ताई दर वर्षी गावाकडून माती आणतात. त्या वर्षी त्यांनी आणलेली माती पिवळसर, मुरमाड होती. मुलांनी विचारलं, "काळी कुठे गेली?" ताई म्हणाल्या, "पाण्यासंगं गेली, बाळांनो." आम्ही त्याच मातीत पेरलं. बियाच्या पोटात पहिल्या दिवसांपुरतं अन्न असतं, त्यामुळे धान उगवलं. पण एक मुलगी नऊही दिवस येऊन ती माती बोटांनी चाचपून पाहत होती. मातीत हात घालायची सवय नसती तर तिला हा फरक कळला असता का, हे मी अजून स्वतःला विचारते.

दसऱ्याच्या दिवशी ते धान टोपीत, कानावर, केसांत खोवतात आणि आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतात. इथे एक कळकळीची विनंती. बाजारात ढीग लागतो तो आपट्याच्या ओरबाडलेल्या फांद्यांचा, आणि पुष्कळदा त्याचाच भाऊबंद असलेल्या कांचनाचा. दोन्हींचं पान जोडपानासारखं दुभंगलेलं. आपट्याचं लहान, जाडसर आणि रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं आणि पातळ. मुलाला घेऊन एक आपट्याचं झाड शोधा, त्याचं एकच पान घरी आणा आणि ते कागदाखाली ठेवून वरून खडू आडवा घासा. शिरा उमटतात. असं सोनं हवं तितकं करता येतं आणि झाडाचं काही जात नाही.

याच विजयादशमीला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. आणि आमच्या शहरात त्यांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभं केलेलं. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत शरद म्हणजे पंचशील ध्वज आणि आश्विन पौर्णिमेला होणारी वर्षावासाची सांगता. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी या पट्ट्यांचा कागदी ध्वज तीन वर्षांचं मूलही चिकटवू शकतं. पुस्तकात भुलाबाईच्या शेजारी तो आहे, कारण मुलं एकाच जिन्यावर खेळतात आणि एकमेकांच्या घरात काय बनतं ते त्यांना पाहायचं असतं.

दिवाळीकडे येताना हाताला काम फार. वसुबारसेच्या संध्याकाळी गुराखी पोरं लव्हाळ्याच्या पाती विणून दिवटी करत, तीत पणती ठेवत आणि दारोदार जाऊन गाई-म्हशी ओवाळत. दारात शेणाच्या गवळणी मांडल्या जात, पाडव्याला पांडव होत आणि त्यांच्या डोक्यावर कुर्डूचे तुरे खोवले जात. शहरात शेण मिळणं अवघड, म्हणून आम्ही माती आणि भुसा मळून त्याच गवळणी करतो. तुरे मात्र कुर्डूचेच, रिकाम्या प्लॉटवर भरपूर असतात.

किल्ल्यांचा मला मोह आहे, तो लपवत नाही. मुलं चित्रं पाहून रायगड, प्रतापगड करतात, छानच करतात. पण आमच्या शहरापासून १५ किलोमीटरवर देवगिरी उभा आहे आणि तो मातीत करायला इतका सोपा, इतका गोड किल्ला दुसरा नाही. विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, की झाला शंकूसारखा डोंगर. मग त्याचा खालचा भाग लाकडी फळीने थापटून थापटून उभा सरळ करायचा, कारण देवगिरीचा कडा माणसांनी तासून काढलेला आहे. भोवती खंदक, खंदकात पाणी. अंधारीसाठी, म्हणजे गडावरच्या काळोख्या भुयारासाठी, पुठ्ठ्याची नळी आडवी पुरायची आणि एका तोंडातून गोटी सोडायची. वर अळीव भुरभुरवला की चार-पाच दिवसांत हिरवळ. हे झाल्यावर रविवारी मुलांना खऱ्या गडावर न्या. खऱ्या अंधारीत शिरताना मूल आईचा हात घट्ट धरतं आणि सांगतं, "इथून आपली गोटी गेली होती." येताना दौलताबादची सीताफळं घ्या. पुढे खुलताबादच्या रस्त्याला कागजीपुरा लागतं. हाताने कागद बनवणारं हे गाव. तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी इकडे आणली त्या काळाशी त्याची परंपरा जोडली जाते. घरी तोच खेळ मैद्याच्या चाळणीवर होतो: रद्दी रात्रभर भिजवा, घुसळा, चाळणीवर पातळ पसरा, फडक्याने दाबा आणि उन्हात टाका. शरदाचं ऊन असं कडक, की संध्याकाळी कागद हातात येतो.

आता शाळांची बाजू, थोडक्यात. लहान मुलाला हाताने करू द्यावं, हा विचार युरोपात फ्रोबेलने १८३७ साली बालोद्यानाच्या रूपात मांडला. माँटेसरीबाईंनी इंद्रियांच्या शिक्षणाला साधनांची शिस्त दिली. १९१९मध्ये जर्मनीत निघालेल्या वॉल्डॉर्फ शाळांनी वर्गात ऋतूचं टेबल आणलं. त्या त्या दिवसांत बाहेर जे सापडेल ते मुलं तिथे मांडतात. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी हे विचार आपल्या मातीत रुजवले. नूतन बालशिक्षण संघ १९२६चा. पण ताराबाईंचं खरं धाडस पुढचं. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि महागडी परदेशी साधनं बाजूला ठेवून त्यांनी शंख, बिया, पानं, काटक्या यांतून बालवाडी उभी केली. शास्त्र तेच, सामान गावचं. गांधीजींची नई तालीम १९३७ची. तिने उत्पादक कामाला शिक्षणाच्या मध्यावर बसवलं. तिसरा प्रवाह अरविंद गुप्तांचा: टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि खेळण्यांतून विज्ञान. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतलं त्यांचं काम कितीजणांनी पाहिलं असेल. आणि या सगळ्यांपासून थोडं दूर, ऋतू डोळ्यांनी कसा पाहावा हे दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र'मध्ये शिकवलं. ते मुलांचं पुस्तक नव्हे, पण पालकाने वाचून ठेवावं.

या प्रवाहांत भांडणंही आहेत. साधन आधीच ठरलेलं असावं की मुलाने शोधावं? वस्तू उपयोगाची व्हावी की खेळ पुरे? देवाधर्माचं काम आणि शाळेचं काम वेगळं ठेवावं का? माझं मत सांगते: मी ताराबाईंच्या बाजूची आहे. वस्तू भोवतालची, रीत विचारपूर्वक, आणि मुलाला खरा वाटा.

हा वाटा सध्या हिरावला जातो आहे. 'दिवाळी क्राफ्ट'चं पाकीट मिळतं, त्यात कापलेले तुकडे, चिकटणारे मणी, आणि शेवटी काय दिसलं पाहिजे त्याचा फोटो. मूल फोटोसारखं करतं किंवा करत नाही; ज्याचं नाही होत त्याचं आई रात्री पूर्ण करते. किल्ला बाबा बांधतात, मूल पाण्याचा तांब्या आणून देतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरून खेळाला मान दिला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण धोरण वर्गापर्यंत पोचतं. घरातला संध्याकाळचा अर्धा तास घरालाच काढावा लागतो.

वाटा म्हणजे काय, ते कंदिलाच्या उदाहरणाने सांगते. बांबूच्या कामट्या मोठ्यांनी तासायच्या आणि दोऱ्याने बांधायच्या. गव्हाच्या पिठाची खळ आजीने शिजवायची. झिरमिळ्या मात्र सर्वस्वी मुलाच्या. तीन वर्षांच्या मुलाला कात्री नको, त्याला कागद फाडू द्या. आधी वर्तमानपत्रावर. उभं फाडलं तर पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं तर वेडीवाकडी पळते, कारण कागदाचे धागे एका दिशेने बसलेले असतात. दहा-बारा पट्ट्या फाडल्यावर मूल स्वतःच कागद फिरवून पाहू लागतं. मग पतंगाचा ताव द्या. झिरमिळ्या लहान-मोठ्या झाल्या तर तशाच लावा, रात्री उठून सारख्या करू नका. आत दिवा छोट्या एलईडीचा, ज्योत नको.

सुरक्षेचं बोलते ते ठामपणे. लाल-काळी गुंज दिसायला देखणी, पण तिचं बी चावलं गेलं तर जिवावर बेततं; लहान मूल असलेल्या घरात ती आणूच नका. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी आम्ही लहानपणी खेळलो, पण तीही विषारी आहे आणि तिचा परिणाम हृदयावर होतो. सीताफळाच्या काळ्याभोर बियांची नक्षी सुंदर होते, पण त्या फोडू किंवा कुटू नयेत. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते. तीन वर्षांखालच्या मुलाजवळ मणी, बिया, गोट्या नकोत. रंगासाठी हळद, गेरू, तांदळाचं पीठ, बिटाचा रस एवढं पुरतं.

पुस्तकाची मांडणी तिथीवार नाही. माती, गवत, पान, बी, कागद आणि दिवा अशा वस्तूंवरून आम्ही विभाग केले, म्हणजे ज्या घरात सण वेगळा किंवा सणच नाही, त्यालाही वाट सापडेल. प्रत्येक कृतीत मोठ्यांनी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोन्ही लिहिलं आहे. तयार वस्तूंचे फोटो मुद्दाम दिलेले नाहीत. कृती कळावी इतपत रेघांची चित्रं आहेत. ज्या रीती आम्ही स्वतः मुलांबरोबर केल्या त्याच घेतल्या. त्यामुळे कोकणातला शरद इथे जवळजवळ नाही आणि विदर्भाचा अपुरा आहे. तिकडच्या कुणी तो लिहावा, आम्ही आनंदाने वापरू.

सुरुवात पणतीपासून करा. कुंभारवाड्यात जाऊन लिंबाएवढे मातीचे गोळे मागून आणा. गोळा मुलाच्या तळहातावर ठेवा आणि मध्ये अंगठा दाबायला सांगा. खळगा होतो, त्यात अंगठ्याची रेघन्‌रेघ उमटते. एका बाजूला चिमटा काढला की वातीला जागा. सावलीत दोन दिवस, उन्हात दोन दिवस वाळवा. भाजलेली नसल्यामुळे ती तेल पिते आणि थोडी पाझरते. खाली ताटली ठेवा.